साहेबाची पेटी म्हणू नका

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे आणि माझं डोकं भयंकर फिरलंय. आधी ऐका, मग मला शांत व्हायला सांगा.

रत्नागिरीच्या एका सुताराने मला घडवलं ते एका गोऱ्या साहेबासाठी. साहेब जहाजाने देशोदेशी हिंडून झाडपाला, शिंपले, सरडे गोळा करायचा. म्हणजे तसं तो सांगायचा! गोळा करायचा मजीद खलाशी. ओमानमधल्या सलालाजवळच्या कड्यावर भर उन्हात चढून, गुडघे सोलवटून लोबानाची फांदी त्याने आणली. साहेब तेव्हा जहाजावर छत्रीखाली पाय पसरून बसला होता. फांदी कागदात दाबली, चिठ्ठी लावली आणि चिठ्ठीवर नाव कुणाचं? साहेबाचं!

मजीदला लिहिता येत नव्हतं. पण त्याच्या घरच्या भांड्यांवर एक खूण कोरलेली असे, गळ आणि त्याखाली दोन रेघा. प्रत्येक वस्तू आणली की तो माझ्या झाकणाच्या आतून चाकूने ती खूण कोरायचा आणि शेजारी पान, शिंपला, सरडा, जे असेल ते काढायचा. अशा तेवीस खुणा होत्या.

माझी बिजागरी मोडली तसं साहेबाने मला फेकून दिलं. मजीदने खांद्यावरून घरी नेलं. पुढे त्याच्या सुनेने आतून कागद चिकटवून माझ्यात कपडे ठेवले. खुणा झाकल्या गेल्या आणि त्या घरात माझं नाव काय पडलं? साहेबाची पेटी! मजीदच्याच घरात! तुम्हीच सांगा, संतापू नको तर काय करू?

त्याच घराण्यातली कुलसुम लग्नानंतर मला मस्कतला, अझैब्याच्या फ्लॅटमध्ये घेऊन आली. २०१४ साली तिचा नवरा जमाल याला मला पाहुण्यांपुढे मिरवायची हौस आली. त्याने मला मस्कतच्याच माबेला भागात दयानंद सुताराकडे नेलं.

"यल्ला, चल दयानंद, आतून-बाहेरून एकदम चकाचक पाहिजे."

दयानंदने कागद ओरबाडले, ओरखडे दिसले आणि घासायचं मशीन लावलं. लोबानाची फांदी गेली. शिंपला गेला. मला तोंड असतं तर अख्खं माबेला गोळा केलं असतं.

तेवढ्यात कुलसुम पॉलिशचा रंग बघायला आली आणि दारातूनच ओरडली, "दयानंदभाई, बंद करा ते! ही खूण माझ्या आईच्या हंड्यावर आहे!"

"भाभी, मला वाटलं पोरांनी गिरबटलंय," दयानंद खजील होऊन म्हणाला.

कुलसुम उरलेल्या खुणांवरून बोट फिरवत राहिली. "आमचे मजीदआजोबा साहेबाचे हमाल होते, असंच सांगत आले सगळे. अहो, प्रत्येक चित्राशेजारी आमच्या घरची खूण आहे, हे सगळं त्यांनी शोधलेलं!"

"पण आता अर्धवट दिसतंय," जमाल म्हणाला. "राहिलेलं पण साफ करू, खलास."

"हात तर लावून बघा!"

नऊ खुणा वाचल्या. बाकीच्या चौदा वस्तू कुणी आणल्या, ते आता कुणालाही कळणार नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला जरूर जपा, पण घासायच्या आधी तिच्या आत एकदा बघा. कुणीतरी जीव धोक्यात घालून केलेल्या कामाची खूण तिथे ठेवलेली असते.

अजूनही पाहुणे आले की जमाल सवयीने सुरू करतो, "ही साहेबाची..."

आणि कुलसुम उठून माझं झाकण उघडते.