सूत्रधाराला योग्य वाटल्यास

संगणकाला 'सहसा' हा शब्द कळत नाही, एवढी एक गोष्ट सासऱ्यांना समजावून सांगता सांगता धाकटीच्या नाकी नऊ आले होते.

सासऱ्यांनी नोकरीभर रस्ते खात्यात नकाशे काढले. त्याच नादात तरुणपणी त्यांनी घरच्या घरी एक खेळ रचला. जेवणाच्या टेबलावर कागदाचा पट पसरायचा, त्यावर डोंगर, नद्या, पडके किल्ले. खेळणाऱ्याने एकेक पेशा घ्यायचा. कुणी लढवय्या व्हायचं, कुणी मांत्रिक, कुणी वैदू, कुणी वाटाड्या. मग फासे टाकत, बोलत बोलत सगळ्यांनी मिळून प्रवासाला निघायचं. सासरे स्वतः सूत्रधार. वाटेत कोण भेटलं, दरीत काय दिसलं हे तेच सांगणार, आणि उभ्या पुठ्ठ्याच्या आडोशाला फासे टाकून कोण वाचलं, कोण मेलं हेही तेच जाहीर करणार. पुढे एका प्रकाशकाने तो खेळ नियमपुस्तिकेसकट छापला. थोडाफार खपला आणि लोक विसरले. घरात मात्र रविवारची दुपार त्याच खेळाची राहिली.

धाकटी म्हणजे त्यांची धाकटी सून. ती व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत होती. साहेबांना नव्या गेमसाठी काहीतरी वेगळं हवं होतं आणि हिने चहा पिता पिता सासऱ्यांचा खेळ सुचवला. त्या दिवशी आपण गप्प बसलो असतो तर किती बरं झालं असतं, असं तिला पुढे रोज वाटायचं. करार झाला. टेबलावरचे नियम गेममध्ये बसवायचं काम तिच्याच गळ्यात पडलं, कारण साहेबांच्या मते घरचंच माणूस होतं, विचारायला सोपं.

सोपं कसलं! पुस्तिकेत लिहिलं होतं की वैदूने पाला लावला की जखम सहसा भरते. सहसा म्हणजे दहातून किती वेळा, असं तिने विचारलं. सासरे म्हणाले, सहसा म्हणजे सहसा. मांत्रिकाचा मंत्र आभाळ भरून आलं असेल तर जास्त चालायचा. किती भरून, हे पुस्तिकेत नव्हतं. आणि जिथे नियम अगदीच अडायचा तिथे एकच वाक्य हटकून यायचं : 'सूत्रधाराला योग्य वाटल्यास.'

"मी सांगतो ना त्या वेळी," सासरे म्हणायचे. "खेळणाऱ्यांना बरोबर कळतं."

"बाबा, गेममध्ये तुम्ही नसणार आहात."

हे ऐकलं की ते असा चेहरा करायचे, जणू सुनेने त्यांना डॉक्टरांचा रिपोर्टच वाचून दाखवला होता.

ऑफिसात तिच्या शेजारी बसणाऱ्या प्रोग्रामरला सगळे दाढी म्हणत. तो कामाला वाघ, पण दर तासाला खुर्ची वळवून विचारायचा, "आभाळाचं काय ठरलं?" त्याला आकडा हवा असायचा, सासऱ्यांना आकड्याचा तिटकारा, आणि मधल्यामध्ये धाकटीच्या डोक्याचा भुगा. तरी भांडून, रुसवे काढून तिने लढवय्या, मांत्रिक आणि वैदू हे तीन पेशे मार्गी लावले. उरला वाटाड्या, आणि खरी कटकट तिथून सुरू झाली.

वाटाड्या हा सासूबाईंचा पेशा. सासूबाई मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज आला की वॉर्डातले पेशंटसुद्धा सरळ झोपायचे. लग्न झाल्यापासून त्या रविवारच्या खेळात वाटाड्याच होत आल्या होत्या, आणि त्यांचा वाटाड्या एकदाही मेला नव्हता. धाकटीच्या नवऱ्याचे लढवय्ये पटावरच्या प्रत्येक नदीकाठी पुरलेले होते. सासूबाईंचा वाटाड्या मात्र काठी टेकत सगळ्यांच्या पुढे चालतच होता. घरी कुणी पाहुणा आला की त्या हे हमखास सांगायच्या. वर म्हणायच्या, "त्याला डोकं लागतं."

गेममध्ये तो वाटाड्या पहिल्याच खिंडीत मरायचा.

नियमच तसे होते. वाटाड्याने सर्वांत पुढे चालायचं, म्हणजे पहिला घाव त्याच्यावर. अंगात ताकद बेताची, हातात नुसती काठी. धोका आधी ओळखण्याचं तेवढं कसब, तेही फाशाने साथ दिली तर. दाढीने संगणकालाच तो खेळ पुन्हा पुन्हा खेळायला लावला. हजारो डावांत वाटाड्या दुसऱ्या नदीपर्यंत क्वचितच पोचला. धाकटीने हे सासऱ्यांच्या कानावर घातलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले की तुमच्या कोडमध्ये चूक आहे. ते इतक्या ठामपणे म्हणाले, की धाकटी आणि दाढी दोघांनी सगळा कोड उसवून पुन्हा शिवला. चूक काही सापडेना. साहेबांनी सुचवलं, वाटाड्याला धनुष्यबाण देऊन टाका. तिने घरी हे सांगताच सासऱ्यांचा चहाचा कप हवेतच थांबला. वाटाड्याच्या हातात धनुष्य दिलं तर मग त्याला वाटाड्या कशाला म्हणायचं, असं म्हणून ते उठून गेले आणि दोन दिवस धाकटीशी हवापाण्यापुरतंच बोलले.

शेवटी तिला वाटलं, ज्यांना हा पेशा कोळून प्यायल्यासारखा येतो त्यांनाच खेळायला बसवावं. आपलं काय चुकतंय ते त्यांच्या खेळण्यातून दिसेल. एका दुपारी तिने सासूबाईंसमोर लॅपटॉप ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, ताठ बसल्या आणि पहिल्याच खिंडीत मेल्या. बटण चुकीचं दाबलं गेलं असेल म्हणून पुन्हा खेळल्या. पुन्हा मेल्या. चौथ्या-पाचव्या मरणाला त्यांनी जाहीर केलं की गेम बिघडलेला आहे.

"मी तेच सांगतोय," वर्तमानपत्रामागून सासरे म्हणाले.

इथे धाकटीचा तोल सुटला. तिने लॅपटॉप फटकन मिटला, कपाटातून छापील पुस्तिका आणि फासे आणले आणि टेबलावर मांडले. पुठ्ठ्याचा आडोसा तेवढा मुद्दाम कपाटात ठेवला. आता अक्षर न् अक्षर पुस्तिकेप्रमाणे खेळू या, म्हणाली, आणि फासे उघड्यावर टाकू या. सासूबाईंनी फासे टाकले. वाटाड्या खिंडीत मेला. नवा वाटाड्या घेतला, तोही तिथेच मेला. वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलं गेलं नव्हतं, हे धाकटीच्या लक्षात आलं. सासूबाईंच्याही आलं.

त्यांनी चष्मा काढून ठेवला. "अहो, इकडे बघा."

सासऱ्यांनी बघितलं.

"पुठ्ठ्यामागे काय करत होतात तुम्ही इतकी वर्षं?"

सासऱ्यांनी पुस्तिका ओढली, पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं. सूत्रधाराला योग्य वाटल्यास तो पडलेलं दान बाजूला ठेवू शकतो. "नियमात बसतं ते."

"दर वेळी योग्य वाटलं?"

सासऱ्यांनी पुस्तिका मिटली. मग बायकोशी न बोलता सुनेशी बोलले. "ही वॉर्डातून यायची. आठवडाभर तिथे काय काय बघून यायची. तिला एक दुपार मिळायची. त्या दुपारी मी फासा बघून हिला सांगू, की तू मेलीस?"

धाकटीचा राग तिथल्या तिथे विरला. सासूबाईंचा विरला नाही.

"मरण मला नवं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ते मला झेपत होतं. तुम्ही मला विचारायला हवं होतंत. आणि मी गावभर सांगत फिरले, डोकं लागतं म्हणून."

त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या.

मग घरात अबोला सुरू झाला आणि त्याचा सगळा भार धाकटीवर आला. सांग त्यांना, ब्लडप्रेशरची गोळी राहिलीय. सांग तिला, घेतली. ऑफिसात साहेब विचारायचे, वाटाड्याचं काय? घरी आलं की दोघं दोन खोल्यांतून विचारायची, ते काय म्हणाले, ती काय म्हणाली? नवऱ्याला नेमकं याच काळात ऑफिसात फार काम निघालं. या घरातला एकही पेशा आपल्याला नको, असं तिला अगदी मनापासून वाटू लागलं.

एवढं होऊनही सासूबाईंनी लॅपटॉप सोडला नव्हता. रोज दुपारी त्या दार लोटून घेऊन खेळायच्या. मरायच्या, पुन्हा खेळायच्या, मदत कुणाची मागत नव्हत्या. आणि एका संध्याकाळी धाकटी भांडी पुसत असताना त्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"यात परत फिरता येत नाही," त्या म्हणाल्या.

धाकटीला आधी कळलंच नाही. त्यांनी समजावलं. खिंडीत लांडगे आले की झुंज सुरू होते आणि ती संपेपर्यंत कुणालाच सुटका नसते. लढवय्याचं ठीक आहे, त्याला लढायचंच आहे. पण वाटाड्याचं काम लढण्याचं नाही. ही वाट आपली नव्हे, मागे फिरा, एवढं त्याला वेळेवर सांगता आलं पाहिजे. वॉर्डात नवी मुलगी आली की त्या तिला सगळ्यात आधी हेच शिकवायच्या, की झेपत नसेल तर हाक मार, उशीर करू नकोस.

"म्हणजे घाव बसायच्या आत वाटाड्या सगळ्यांना मुक्कामावर परत आणू शकतो," धाकटी सावकाश म्हणाली. फडकं तिच्या हातातच राहिलं.

"हो. पण ती वाट मग कायमची बंद. दुसरी शोधायची."

"तेवढं कडक कशाला, आई?"

"फुकट नको. फुकटचं मी पुष्कळ जगलेय."

दुसऱ्या दिवशी दाढीने हे ऐकून डोकं धरलं. वाटा बंद व्हायच्या म्हणजे सगळे नकाशे नव्याने करायचे. कुरकुरत का होईना, त्याने ते केलं आणि संगणकाला पुन्हा खेळायला लावलं. वाटाड्या आता बाकीच्यांइतकाच मरत होता आणि बाकीच्यांइतकाच पोचत होता. साहेबांना पळ काढणारा हिरो पसंत नव्हता. कोण विकत घेणार हा गेम, असं ते म्हणाले. त्यावर धाकटी ऑफिसात पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. काय बोलली ते तिला नंतर नीटसं आठवेना, पण नियम राहिला.

सासऱ्यांना तिने तो छापून दाखवला. आता आणखी एक वाद, म्हणून कंबर कसूनच गेली होती. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"हे माझ्या पुस्तिकेत नाही."

"नाही."

"असायला हवं होतं." मग त्यांनी विचारलं, "सुचलं कुणाला?"

"तुम्हीच विचारा जाऊन," ती म्हणाली. निरोप पोचवून पोचवून तिचा जीव आंबला होता.

ते गॅलरीत गेले. तिथे सासूबाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. मग एकदम चढे आवाज आले. वाट कायमची बंद करणं फार होतं, त्यापेक्षा एक दिवसाची शिधाशिदोरी जाऊ दे, असं सासरे म्हणत होते, आणि सासूबाई त्यांना वाक्य पुरं करू देत नव्हत्या. दुसऱ्याचं भांडण ऐकून इतकं हायसं धाकटीला आयुष्यात वाटलं नव्हतं. ती सोफ्यावर पाय पसरून बसली आणि डोळे मिटून घेतले.

गेम बाजारात आला. तो काही गाजला नाही, पण कंपनी तरली. वाटाड्यावरून खेळणाऱ्यांमध्ये दोन तट पडले, कुणी त्याला भित्रा म्हणे, कुणी दुसरा पेशाच घेत नसे. घरी एका रविवारी सासूबाईंनी पुठ्ठ्याचा आडोसा रद्दीत घातला आणि सूत्रधाराच्या खुर्चीत त्या स्वतः बसल्या. सासऱ्यांनी हौसेने वाटाड्या घेतला. खिंडीत लांडगे दिसल्यावर सगळे म्हणत होते, मागे फिरा, तरी ते हट्टाने पुढेच गेले. फासा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडला. सासूबाईंनी तो बघितला आणि नवऱ्याकडे बघत स्वच्छ आवाजात सांगितलं, "तुम्ही मेलात."

सोमवारी धाकटी ऑफिसात पोचली तेव्हा साहेब तिची वाटच बघत होते. खेळाच्या मूळ रचनाकारांकडून कंपनीला लांबलचक ईमेल आला होता. वाटाड्याबाबतचे सध्याचे नियम अवाजवी कठोर असून त्यांचा तातडीने फेरविचार व्हावा, असं त्यात लिहिलं होतं.

"तुझे सासरे आहेत," साहेब म्हणाले, "तूच बघ."