लेबलावरचे हात

माझ्या जिभेला हाड नाही. आई म्हणायची, हिच्या तोंडाला कुलूप घाला आणि किल्ली विहिरीत टाका. त्या दिवशी मात्र मी सकाळी सातपासून साडेअकरापर्यंत तोंड बंद ठेवलं, आणि त्या साडेचार तासांची मला अजून लाज वाटते.

आमचं खोरं संरक्षित आहे. डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं, आणि प्रत्येक पायरीला पोटाशी धरणारी दगडी भिंत. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, फटीत दगडाच्याच चिपा, पाठीमागे खडी, संपलं. या भिंतींसाठी सरकारनं संरक्षण दिलं, पण सांभाळायचं आम्हीच. त्यासाठी गावची समिती, समितीचा शिक्का, आणि शिक्क्याची चिटणीस मी. ज्याच्या भिंती नियमात, त्याच्या मधावर, जामवर, चीजवर शिक्का. शिक्क्याशिवाय आमचा मध म्हणजे नुसता मध, तो कुठेही मिळतो. भिंतीत सिमेंट सापडलं की त्या घराचा शिक्का गेला. हा नियम मीच टाइप केलाय आणि तीन घरांचे शिक्के मीच काढून घेतलेत. त्यातलं एक घर माझ्या सख्ख्या मावशीचं. मावशी तेव्हापासून मला पाहिलं की रस्ता बदलते.

शिक्क्यावर चित्र आहे दोन हातांचं, दगड धरलेल्या. ते हात माझ्या दादाचे. सहा वर्षांपूर्वी फोटोग्राफरनं काढले आणि तेव्हापासून ते बाटल्यांवर आहेत, पिशव्यांवर आहेत, खोऱ्याच्या तोंडाशी लावलेल्या मोठ्या पाटीवर आहेत. दादा गवंडी, आमचे बाबाही गवंडी. बाबांनी रचाई शिकवली आम्हा दोघांना, पण पहार दिली दादाला. मला म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे. अक्षर चांगलं असण्याचे तोटे फार.

दर पाच वर्षांनी बाहेरून तपासणी येते, आणि ती होती त्या दिवशी. आदले दोन दिवस पाऊस पडून थांबला होता. तपासनीस बाई दहाला पोचणार होत्या. समितीचे अध्यक्ष, ज्यांना निवृत्तीनंतरही सगळं गाव मास्तरच म्हणतं, त्यांनी ठरवलं होतं की पाहुण्यांना रस्त्यालगतच्या मोठ्या भिंतीखाली बसवायचं. ही भिंत दीड पुरुष उंच. गेल्या वर्षी ती कोसळली होती आणि हिवाळ्यात दादानं ती नव्यानं उभी केली होती. एकट्यानं. मदतीला कुणी गेलं की हाकलून द्यायचा. आम्ही कौतुकानं म्हणायचो, काय एकेक खूळ असतं माणसाचं.

सातला मी टेबलांवर चादरी घालायला गेले. उतारावरच्या सगळ्या भिंती गळत होत्या. दगडादगडातून पाणी झिरपत होतं, चिपांवरून थेंब पडत होते. बाबा म्हणायचे, भिंतीनं पाणी पोटात ठेवू नये, ठेवलं की ती गेली. गळणारी भिंत म्हणजे निरोगी भिंत.

मोठी भिंत कोरडी ठणठणीत होती.

मी चादरी खाली ठेवल्या. तपासणीला जाताना मी पिशवीत सायकलच्या चाकाची तार ठेवते, बाबांचीच युक्ती. चांगल्या भिंतीच्या फटीत ती धरलेल्या मुठीपर्यंत आत जाते. मी घातली, चार बोटं गेली आणि खर्र करून अडकली. दुसरीकडे घातली, तेच. बाहेर काढली तर टोकाला करडी भुकटी. तीन घरांच्या भिंतींत मी ही भुकटी पाहिलेली आहे, मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मग मी दहा पावलं मागे जाऊन बघितलं. कमरेच्या उंचीवर भिंतीला पोट सुटलं होतं. दोन दिवसांचा पाऊस आत कोंडून बसला होता आणि त्याला बाहेर यायला वाट नव्हती.

दादाच्या घराचं दार उघडंच होतं. तो आरशासमोर उभा आणि वहिनी त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती. लहान मुलाची लावतात तशी, खालून वर. मला पाहून तिचे हात थांबले. दादानं स्वतःचे हात पाठीमागे नेले, पण तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं. ते एकसारखे हलत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वर्ष झालं," वहिनी म्हणाली.

"तू गप्प बस गं," दादा तिला म्हणाला.

"मी गप्पच आहे दीड वर्ष."

मी तार पुढे धरली. त्यानं टोकाकडे पाहिलं आणि खाली बसला.

"दोनदा रचली," तो म्हणाला. "दोनदा हातातून गेली. चिप धरवत नाही, मारायला गेलो की दगडावर बसायच्या ऐवजी बोटावर बसते. आणि मास्तर रोज विचारणार, कधी होतेय, फोटो काढायचाय. मग पाठीमागून सिमेंट ओतलं. पुढून एका दगडाला डाग नाही लागू दिला."

"मला सांगायचं होतंस."

"तुला? मावशीचं काय केलंस ते पाहिलं होतं मी."

मी तार पिशवीत टाकली.

"ती फुगलीये, दादा. आज जाईल."

"आज नाही जात. मी भिंती ओळखतो. आजचा दिवस काढ. संध्याकाळी मी स्वतः पाडतो, म्हणेन पाया खचला. पण आज नको. त्या बाईसमोर नको. गाव मला हातांवरून ओळखतं गं, दुसरं माझ्याकडे काय आहे?"

मी हो म्हटलं. का म्हटलं? तो माझा दादा आहे म्हणून. आणि मावशीच्या वेळी मी फार ताठ मानेनं चालले होते, ते आता उलटून माझ्याच अंगावर येणार होतं म्हणून. दोन्ही कारणं खरी आहेत.

टेबलं तरी हलवावीत म्हणून मास्तरांकडे गेले. "इथे ऊन डोळ्यावर येतं," मी म्हटलं. "फोटो खराब येतील. समोर झाडाखाली घेऊ."

मास्तरांनी आभाळाकडे पाहिलं. ऊन नव्हतंच. "तुझं काय बिनसलंय?" ते म्हणाले. पण फोटो हा शब्द त्यांच्यावर चालतो. टेबलं रस्त्यापलीकडे गेली. एक खुर्ची मात्र त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली. "ही राहू दे. दादाला इथे बसवू, मागे भिंत आणि समोर लेबलाची बाटली. समितीच्या पुस्तिकेच्या कव्हरवर टाकू."

मी मनात म्हटलं, दादा काही तिथे बसायचा नाही. आपल्या हातांनी काय करून ठेवलंय ते त्याला माहीत आहे.

बाई दहाला आल्या. शांत, लिहिणाऱ्या, कुठेही कौतुक न करणाऱ्या. आम्ही त्यांना वरच्या शेतांतून फिरवलं आणि अकराच्या पुढे खाली आणलं. मोठ्या भिंतीसमोर त्या थांबल्या. "ही किती स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "बाकीच्या सगळ्या ओल्या, हिच्यावर एक थेंब नाही." मास्तर असे फुलले की बस. "आमच्या दादांचं काम," ते म्हणाले. "लेबलावरचे हात ते हेच."

आणि दादा येऊन त्या खुर्चीत बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्यानं नजर चुकवली. तेव्हा मला कळलं की हा माणूस हिशेब करून बसलाय. भिंत राहिली तर नाव राहील, आणि गेली तर हे हात कुणाला दाखवायची वेळच येणार नाही.

फोटोग्राफर कॅमेरा लावत होता. भिंतीतून एक चिप निसटली आणि दादाच्या खुर्चीजवळ टक् करून पडली. चिप केवढी, बिस्किटाएवढी. दादानं खाली पाहिलं आणि बूट तिच्यावर ठेवला.

मी त्याच्याजवळ गेले, वाकले. "ऊठ."

"फोटो होऊ दे."

"दादा, ऊठ म्हणते ना."

"लांब हो तू," तो ओठ न हलवता म्हणाला. "तुझा फोटो नाहीये."

दुसरी चिप पडली. पायाशी, अगदी खालच्या थरातून, गढूळ पाण्याची एक बारीक धार सुरू झाली. ती फक्त आम्हा दोघांना दिसली, कारण बघायचं कुठे हे आम्हा दोघांनाच शिकवलेलं होतं.

मी सरळ झाले आणि रस्त्यापर्यंत मागे गेले.

"भिंतीत सिमेंट आहे," मी म्हटलं. मोठ्यानं. सगळ्यांनी माना वळवल्या. "पाणी कोंडलंय. भिंत येतेय. त्याला तिथून उठवा."

बाईंचं पेन थांबलं. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "खोटं बोलते," दादा म्हणाला. आणि हे सांगताना अजून अंगावर काटा येतो, त्यानं खुर्ची मागे सरकवली आणि पाठ भिंतीला नीट टेकवली. "माझी भिंत आहे. मी बसलोय ना हिच्याखाली? अजून काय पुरावा पाहिजे?"

कुणी पुढे होईना. त्याच्या शब्दावर या खोऱ्यात सहा वर्षं बाटल्या विकल्या गेल्यात. माझ्या शब्दावर फक्त शिक्के गेलेत. फोटोग्राफर एक पाऊल पुढे टाकून घुटमळला, उठवावं की नाही ते त्याला कळेना.

त्यानंतर मी जे बोलले ते ठरवून बोलले असं सांगायला मला आवडेल. पण तसं नव्हतं. मला भयंकर राग आला होता. त्याचा, त्या खुर्चीचा, पाटीवरच्या त्या हातांचा.

"पुरावा त्याच्या मांडीखाली आहे," मी म्हटलं. "हात बाहेर काढायला सांगा त्याला. दीड वर्ष झालं, या हातांना चिप धरवत नाही. कप धरवत नाही. बायको बटणं लावते सकाळी. बाबांनी पहार चुकीच्या पोराला दिली, आणि हे त्यालाही माहीत आहे."

वहिनीनं तोंडावर हात घेतला.

दादा उठला. आयुष्यात त्यानं माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. तो सरळ माझ्याकडे आला, उजवा हात वर, आणि तो वर उचललेला हात असा थरथरत होता की सगळ्या गावानं पाहिला. मी एक पाऊल मागे घेतलं, तो पुढे आला. मी आणखी एक घेतलं. मला एवढंच कळत होतं की थांबायचं नाही, हा जवळ येईतो मागे मागे जायचं. रस्ता ओलांडून माझी पाठ टेबलाला लागली तेव्हा भिंत गेली.

आवाज फार मोठा नव्हता. एखाद्यानं ट्रकमधून दगड रिचवावेत तसा, आणि मागून चिखलाचं पाणी. सगळं थांबल्यावर खुर्चीचा फक्त एक पाय दिसत होता. दगडांना पाठीमागे सिमेंटचे मोठमोठे करडे गोळे चिकटलेले होते, ते उघड्यावर पडले होते.

दादाचा हात अजून वरच होता. वळून त्यानं खुर्चीकडे पाहिलं, मग हात खाली घेतला. मग बाई चालत त्याच्याजवळ गेल्या. त्यांनी विचारलं, "सिमेंट तुम्ही घातलंत?"

"हो," तो म्हणाला. "मीच."

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. दादाच्या घराचा शिक्का गेला, ते पत्र मीच टाइप केलं. ती भिंत नीट उभी राहून एक पावसाळा काढेपर्यंत सगळ्या खोऱ्याचा शिक्का थांबला. मोठ्या पाटीवर मास्तरांनी ताडपत्री बांधली, आणि बांधताना माझ्याकडे असं पाहिलं, जणू भिंत मीच ढकलली होती. मावशी आली. वाटलं, आता सव्याज परत करणार. ती म्हणाली, "आता कळलं?" मी म्हटलं, कळलं. तिनं पदर खोचला आणि दगड बाजूला काढायला लागली.

रचायला दुसरं कोण होतं? बाबांची पहार मी दादाच्या ओसरीवरून उचलली, तेव्हा तो समोर बसलेला होता, हो नाही की नाही नाही. वहिनी चिपा निवडून द्यायची, मी थर लावायचे. पहिल्या आठवड्यात माझी दोन नखं काळी पडली. दादा रोज यायचा, रस्त्यापलीकडे बादली पालथी घालून बसायचा, आमच्याकडे पाठ करून. माझ्याशी एक शब्द नाही. घरी गेले तर उठून आत जायचा. वहिनी म्हणाली, "जीव वाचवलास खरा, पण ते पहारीचं बोलायला नको होतं तू." मी म्हटलं, माहीत आहे. ते परत घेता येत असतं तर मी गुडघ्यावर येऊन घेतलं असतं. पण ते बोलले नसते तर तो उठला नसता, आणि हे त्यालाही कळत असणार, म्हणूनच तो गप्प होता.

एकोणिसाव्या दिवशी तिसरा थर चालला होता. मी एक चिप ठोकून बसवली आणि दुसरीसाठी हात पुढे केला.

"ती काढ," मागून आवाज आला. "उलटी बसवलीस."

तो बादलीवरच होता, पण आमच्याकडे तोंड करून. हात गुडघ्यांवर, उघडे, हलायचे तसे हलत होते. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मी चिप काढली, फिरवली, पुन्हा ठोकली.

"आता?" मी विचारलं.

"आता पाऊस येऊ दे," दादा म्हणाला. "मग बघू."