गुरुवारचं ‘मग?’

खुरपणीचा दिवस बुडवून मी दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. आत माझा धाकटा दीर आणि ती नवी बाई, दार लावून.

भावजींच्या कानात माणसं बोलतात. अकरा वर्षं झाली. गोळ्या मी देते, गिळल्या का ते मी बघते, बिथरले की रानोमाळ शोधून मीच आणते. आणि आता दवाखान्याने नवी टूम काढली. म्हणे, अशा माणसांना नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, ऐकणारंही कुणी हवं. त्यासाठीच ही बाई, दर गुरुवारी एक तास. माझ्यासमोर मिठाची गुळणी धरून बसणारे भावजी आत पोपटासारखे बोलत होते. नुसता जळफळाट झाला माझा. खस्ता मी खायच्या आणि मनातलं तिला सांगायचं!

शेवटी खिडकीशी गेले. खोटं कशाला बोलू, माझ्याच चहाड्या चालल्या असतील असं वाटलं.

“आवाज म्हणतो, वहिनीनं पाण्यात विष घातलंय.”

माझ्या अंगाची आग झाली.

“मग?” बाई म्हणाली.

“मग मी वहिनीचे हात बघतो. भेगाच भेगा. म्हणतो, विष घालायला हिला वेळ कुठाय? आणि पितो.”

आमच्या घरात ‘मग?’ कुणी म्हणत नाही, ‘पुरे’ म्हणतात. त्या एका शब्दावर बाईने मैदान मारलं, म्हणून मी आणखीच जळले.

पुढच्या गुरुवारी मी सकाळीच सांगून टाकलं, “आज दवाखाना नाही. तण माजलंय.”

भावजींचं तोंड उतरलं, पण गपचूप शेजारच्या वाफ्यात बसले. माती कडक, खुरपं नुसतं टणटण वाजत होतं. माझी जीभ त्याहून जोरात.

“सगळ्यांचं ऐकायला माणसं आहेत. मला कोण विचारतंय?”

“मग?” भावजी म्हणाले.

मी चमकून बघितलं. खुरपं खाली ठेवून ते माझ्याकडेच बघत होते.

“मग काय मग! दमलीस का, असं तुमच्या दादांनी एकदा तरी विचारलंय?”

“मग?”

मग मी जी सुरू झाले! आई आजारी असताना मला माहेरी पाठवलं नव्हतं, तेही निघालं. डोळ्यांना धार लागली. ऊन डोक्यावर आलं, तण तसंच.

भावजी उठले, गुडघे झटकले. “वहिनी, आजची वेळ संपली.”

“अहो, माझं राहिलंय अजून!”

“ते पुढच्या गुरुवारी. आता चला, माझा तास चुकेल.”

मी खुरपं मातीत रोवलं आणि डोळे पुसत त्यांच्या मागे निघाले. तण काही पळून जात नव्हतं.