उशीर कोणाचा

"डावा हात मंद," असं थेरपिस्टने फॉर्मवर लिहिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हात माझ्या नणंदेचा. ती कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायच्या मशीनवर असते. अपघातानंतर सहा महिने तिने त्या हाताला व्यायाम दिला होता. आज फॉर्म नीट भरला गेला तरच मशीन परत मिळणार, नाहीतर कायमचं घरी.

तपासणी म्हणजे काय, तर व्हिडिओ गेम! टीव्हीवर एक बेडूक. ओंडका गडगडत येतो, बटण दाबलं की बेडकाने उडी मारायची. वीसपैकी पंधरा उड्या हव्यात. तिच्या नऊ झाल्या.

"वहिनी, मी वेळेवर दाबतेय गं. बेडूकच आळशी आहे मेला!"

थेरपिस्ट हसला. "ताई, महिनाभर जो येतो तो बेडकाच्याच नावाने बोटं मोडतो."

"महिनाभरच का?" मी विचारलं.

"टीव्ही नवीन आला ना. बघा, चित्र किती सुरेख."

मला चित्राचं काय! रोजच्या जपाने ताल माझ्या बोटांत मुरलेला. मी नुसतं बटण ऐकलं. टक्... आणि मग उडी. मध्ये चांगली फट.

"आता तुम्ही खेळा," मी म्हटलं.

"मी?"

"तुमचे हात धडधाकट आहेत ना?"

त्याच्या अकरा झाल्या.

"मग काय लिहायचं? तुम्हीही मंद?"

मी आवाज चढवला नव्हता, तरी बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. त्याने रिमोट घेऊन सेटिंग शोधलं. टीव्ही 'सिनेमा'वर होता. आधी चित्र नटवायचा, मग दाखवायचा. 'गेम'वर टाकल्यावर रंग जरा फिके पडले. नणंदेने अठरा उड्या मारल्या.

"वा! आज सुधारणा दिसतेय."

"सुधारणा टीव्हीत झालीय. तिचा हात सकाळपासून तोच आहे."

तो लाल झाला. नवा फॉर्म भरला, सही केली.

"या महिन्यात असं 'मंद' किती जणांना लिहिलंत?"

त्याने फाईल चाळली. बराच वेळ चाळली. "सतरा."

सतरा माणसं घरी बसून आपल्याच हाताला दोष देत असतील!

"वहिनी, चल ना. आपलं काम झालं," नणंद माझा पदर ओढत पुटपुटली.

"आपलं झालं गं." मी टेबलावरचा फोन त्याच्यापुढे सरकवला. "पहिला नंबर लावा. आम्ही बसलोय."