निळ्या झाकणाची टाकी

मुलाच्या पिकअपमध्ये धूर स्वच्छ करणारा युरिया संपत आल्याचा दिवा लागला. गाडीचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, पण त्याने विचारलं माझ्या व्याह्यांना. ते जुने ट्रक ड्रायव्हर.

"दिवा जाईल आपोआप. आमच्या ट्रकला कुठे होता युरिया?"

"टाकी रिकामी झाली तर इंजिन पुन्हा सुरू होत नाही," मी पुटपुटलो.

"बाबा, त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवलाय."

गाडी रस्त्यात बंद पडावी आणि व्याह्यांचं तोंड बघावं, असं वाटलं. तरी पहाटे उठून मी निळ्या झाकणाच्या टाकीत दहा लिटर युरिया ओतला.

गाडी सुरू करून मुलगा हसला. "गेला ना दिवा? सासऱ्यांना सगळं कळतं."

मी रिकामा कॅन पायाने बाकाखाली सरकवला.