पायाखालची फळी

सलीलला हुबेहूबपणाचा रोगच जडला होता. झाशीतल्या त्याच्या लाकूड कापायच्या सीएनसी मशीनवर एरवी देवघरांच्या जाळ्या नि किचनची दारं कापली जायची. पण बेंगळुरूच्या एका गिऱ्हाइकाला जुन्या व्हिडिओ गेमच्या उभ्या पेटीच्या चार प्रती हव्या होत्या, कंपनीतून निघाल्या तशा, मिलिमीटरचाही फरक चालणार नव्हता. सलीलनं नेहमीच्या तिप्पट भाव सांगितला. गिऱ्हाइकानं हूं की चूं न करता तो कबूल केला, तेव्हा मात्र तो मापं शोधायला बसला. इंटरनेटवरचे पेटीचे आराखडे एकमेकांशी जुळत नव्हते. मापं घ्यायला अस्सल पेटीच हवी होती.

तशी एकच उरली होती, भानुमतीकाकूंकडे. त्यांच्या यजमानांचं, सुभाषकाकांचं, मानिक चौकात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. त्यांचा तेजस, सलीलच्याच वर्गातला, नवव्या वर्षी तापानं गेला आणि काकांनी शटर ओढलं ते कायमचं. बाकीच्या पेट्या विकल्या, तेजसची आवडती तेवढी घरी आणली. पुढं काकाही गेले.

काकूंनी पेटी दिली. भाडं नको म्हणाल्या. "आहे तशी परत आण, बेटा," एवढंच.

आता माणसानं आहे तशी न्यावी, आहे तशी आणावी. पण सलीलला नसतं शहाणपण सुचलं. काकू पैसे घेत नाहीत, तर निदान पेटी नव्यासारखी करून द्यावी. त्यानं ती खोलली, प्रत्येक कड, प्रत्येक वळण मोजलं. पुढं, खालच्या बाजूला, मधोमध झिजलेली एक गावठी फळी ठोकलेली होती. कंपनीच्या पेटीला अशी फळी नसते. त्यानं ती उचकटली, आणि जानेवारीच्या थंडीत कारागिरांनी ती शेकोटीत घातली. दमट हवेनं फुगलेल्या बाजू त्यानं नव्या कापून लावल्या, खिळ्यांची भोकं बुजवून रंग चढवला. गिऱ्हाइकाच्या चारही प्रती बिनबोभाट पास झाल्या.

पेटी काकूंच्या खोलीत ठेवून तो शाबासकीची वाट बघत उभा राहिला. काकूंनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या खाली बसून पेटीचा पुढचा भाग चाचपत राहिल्या.

"फळी कुठाय रे?"

"ती ओरिजनल नव्हती, काकू. काढून टाकली."

"ओरिजनल कशी असेल? ह्यांनी ठोकली होती. तेजसचा हात पोचत नव्हता."

सलील वर्गात सगळ्यांत उंच. दुकानात खेळताना त्याला त्या फळीची कधी गरजच पडली नव्हती, म्हणून ती लक्षातही राहिली नव्हती. उद्याच नवी करून आणतो, असं तो घाईघाईनं म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं, की साऱ्या पेटीत तेवढी एक फळी त्यानं मोजलीच नव्हती. त्याला स्वतःचीच लाज वाटली. ती किती उंचीवर होती, हे त्याला काकूंनाच विचारावं लागलं.

काकू भिंतीचा आधार घेऊन उठल्या. मग त्यांनी तळहात स्वतःच्या छातीशी आडवा धरला.

"फळीचं नाही आठवत. पण खाली उतरला की तो माझ्या इथपर्यंत यायचा. ह्यावरून माप निघेल का, बेटा?"

सलीलनं खिशातून टेप काढला, पण तो त्याच्याच्यानं उघडवेना.