ओहोटीत ओढलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. पिवळी, प्लास्टिकची, दोघांपुरती. लोक मला कयाक म्हणतात. कतारमधल्या दोहा शहराच्या उत्तरेला, अल थखिराच्या खारफुटीत माझे आयुष्य गेले. भोवती वाळवंट भाजत असते आणि इथे खाऱ्या पाण्यात हिरवीगार झाडे उभी असतात. त्यांची मुळे चिखलातून बोटांसारखी वर येऊन श्वास घेतात.

माझी मालकीण नमिता मूळची पुण्याची. दोह्यातल्या बिन महमूद भागात राहून तिने सहलींचा धंदा उभा केला. आम्हा होड्यांना सांभाळायचा दापोलीचा संपत. फेरी संपली की तो मला गोड्या पाण्याने धुवायचा. काय सुख वाटायचे म्हणून सांगू!

मग फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला. एका हॉटेलने नमिताला सांगितले, "पाहुण्यांना दिवसभर, केव्हाही फेरी द्याल, तरच करार." नमिताचा जीव त्या करारात अडकला होता.

त्याच सुमारास संक्रांत आली. तिच्या मैत्रिणींनी होड्यांतच हळदीकुंकू करायचे ठरवले. हौसेला मोल नसते! काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, फोटो यांत सकाळची भरती निघून गेली.

"ताई, सुकती लागली, पाणी उतरतंय. आता नको," संपत म्हणाला.

"थोडंसंच तर ओढायचंय. यल्ला, संपत!" नमिताने घाई केली.

दोघी जणी माझ्यात बसल्या आणि संपतने मला ओढले. माझ्या पोटाखाली मुळे कडाकड मोडत होती. शिंपल्यांनी माझा तळ फाटला. माझ्यापेक्षा मला त्या मुळांचेच वाईट वाटले.

बायका उतरल्या. मागे मोडक्या मुळांची लांबच लांब वाट पडली होती.

"अगं बाई, हे आपण केलं?" एकीच्या हातातला तिळगूळ तसाच राहिला.

नमिताने ती वाट पाहिली आणि तिच्या लक्षात आले: दिवसभर फेऱ्या म्हणजे रोज हेच. तिने तिथूनच हॉटेलला फोन लावला. "सर, पानी होगा, तभी नाव चलेगी."

"फिर करार खलास, मॅडम," पलीकडून उत्तर आले.

फोन ठेवून ती माझ्या काठावर बसली आणि रडली.

तळ फाटल्यापासून मी किनाऱ्यावरच आहे. ती वाट अजून बोडकी आहे. नमिताचा धंदा लहानच राहिला. भरतीसाठी थांबायला सांगितले की काही पाहुणे रागावून निघून जातात. तरी ती ओहोटीत होडी सोडत नाही.

मित्रांनो, या खारफुटीत जरूर या. फक्त घाई घरी ठेवून या. पाणी नसेल, तर माझ्या शेजारी बसा.